डेबिट कार्ड की क्रेडिट कार्ड: चोरी झाली तर पैसा कुणाचा अडकतो?

शुक्रवार होता, महिन्याची २ तारीख. रात्री पावणेदहाच्या सुमारास जेवायला बसलो असताना फोनवर बँकेचा संदेश आला. बचत खात्यातून १८,४०० रुपये वजा झाले होते आणि पुढे एका परदेशी संकेतस्थळाचे नाव होते, जे मी त्यापूर्वी कधी ऐकलेदेखील नव्हते. डेबिट कार्ड पाकिटात जागच्या जागी होते, ओटीपी आलेला नव्हता, कुणाचा फोन आलेला नव्हता. हात न धुताच बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला, कार्ड बंद करून घेतले आणि मिळालेला तक्रार क्रमांक हाताशी असलेल्या वीजबिलाच्या पाठीवर लिहून ठेवला. हे सगळे पंचवीस मिनिटांत झाले. तरीही सोमवारी, ५ तारखेला, घरकर्जाचा २१,३०० रुपयांचा हप्ता परत गेला, कारण खात्यात असलेल्या २७,००० रुपयांतून चोरीची रक्कम गेल्यावर ८,६०० रुपयेच उरले होते.

ते १८,४०० रुपये मला परत मिळाले, पण १५ तारखेला. मधले तेरा दिवस माझा पैसा माझ्याकडे नव्हता आणि त्या तेरा दिवसांतच हप्त्याची तारीख आली. पुढे दीडेक वर्षाने माझ्या वहिनीच्या क्रेडिट कार्डावर जवळजवळ असाच प्रकार घडला. तिनेही तासाभरात तक्रार केली, वादातली रक्कम वगळून उरलेले बिल वेळेवर भरले आणि चौकशी चालू राहिली. तिच्या बचत खात्यातला एक रुपयादेखील हलला नाही.

या दोन प्रसंगांतला फरक नेमका कशात आहे, हे समजून घेतले की रोजच्या खरेदीला कोणते कार्ड वापरावे या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती येते. कायद्याने मिळणारे संरक्षण आपल्याकडे दोन्ही कार्डांना जवळपास सारखेच आहे. फरक आहे तो निकाल लागेपर्यंत कुणाचा पैसा अडकून पडतो, यात. डेबिट कार्ड म्हणजे आपल्या बचत खात्याच्या दाराची किल्ली आहे. चोराने ती वापरली की आपला पैसा त्याच क्षणी गेलेला असतो आणि तो परत आणण्याची खटपट आपल्याला करावी लागते. क्रेडिट कार्डावरचा व्यवहार ही बँकेने दिलेली उधारी असते. चोराने खर्च केला तर पैसा बँकेचा गेलेला असतो आणि तो आपल्याकडून वसूल करायचा की नाही, हा प्रश्न बिलाची तारीख येईपर्यंत उघडा असतो. त्या तारखेआधी तक्रार नोंदवलेली असेल, तर आपण पैसे मागणारे नसतो, नाकारणारे असतो. ज्याच्या घरचे महिन्याचे गणित एका पगारावर आणि दोन हप्त्यांवर उभे आहे, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

परदेशात राहणारे आपले नातेवाईक अनेकदा सांगतात की दुकानात डेबिट कार्ड बाहेर काढूच नये. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाचेही हेच म्हणणे असते. त्याच्या जागी तो बरोबर आहे, कारण अमेरिकेत दोन्ही कार्डांना वेगवेगळे कायदे लागू होतात. तेथे क्रेडिट कार्डाचा गैरवापर झाला तर ग्राहकावर जास्तीत जास्त ५० डॉलरची जबाबदारी येते. डेबिट कार्डाला मात्र १९७८ सालचा वेगळा कायदा लागतो. कार्ड हरवल्याचे कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले तर जबाबदारी ५० डॉलरपर्यंत राहते, उशीर झाला तर ती ५०० डॉलरपर्यंत जाते आणि स्टेटमेंट मिळाल्यावर ६० दिवस उलटून गेले तर त्यानंतर झालेल्या नुकसानीला वरची मर्यादाच उरत नाही. ब्रिटनमध्ये तर १९७४ सालच्या कायद्याने १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या किमतीची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली आणि विक्रेत्याने फसवले, तर कार्ड देणारी संस्थादेखील विक्रेत्याबरोबर जबाबदार धरली जाते. डेबिट कार्डाला ही सोय नाही. तिकडचा सल्ला या कायद्यांतून आलेला आहे. तो जसाच्या तसा इकडे आणला की आपल्याकडचा खरा नियम नजरेआड होतो, आणि तो नियम प्रत्येक खातेदाराला माहीत असणे गरजेचे आहे.

तीन दिवसांचा नियम

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढून ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत कुणी किती नुकसान सोसायचे, हे ठरवून दिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच परिपत्रक निघाले, ही गोष्ट महाराष्ट्रात मुद्दाम सांगायला हवी, कारण आपल्याकडे पगार, पेन्शन आणि शेतीचे पैसे नागरी किंवा जिल्हा बँकेत ठेवणारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि अशा बँकेला हे नियम लागत नसावेत असा त्यांचा समज असतो.

या परिपत्रकाने नुकसानीच्या कारणानुसार वाटणी केली आहे. चूक, हलगर्जीपणा किंवा त्रुटी बँकेची असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, मग त्याने तक्रार केलेली असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तर व्यवस्थेत तिसऱ्याच ठिकाणी आहे, उदाहरणार्थ एखाद्या विक्रेत्याकडून कार्डांची माहिती चोरीला गेली आहे, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत तक्रार केली तर ग्राहकाची जबाबदारी पुन्हा शून्यच. तक्रार ४ ते ७ दिवसांत केली तर काही भार ग्राहकावर येतो, पण त्याला प्रत्येक व्यवहारामागे कमाल मर्यादा आहे. किमान शिलकीची अट नसलेल्या मूलभूत बचत खात्यासाठी ती ५,००० रुपये, इतर बचत खात्यांसाठी आणि ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डांसाठी १०,००० रुपये, आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या क्रेडिट कार्डांसाठी २५,००० रुपये अशी ही विभागणी आहे. व्यवहाराची रक्कम याहून लहान असेल तर तेवढीच. सात दिवसांनंतर मात्र त्या त्या बँकेचे संचालक मंडळ ठरवेल ते धोरण लागू होते, म्हणजे ग्राहकाचा हक्क संपून बँकेची मर्जी सुरू होते.

वरच्या विभागणीत साधे बचत खाते आणि सर्वसामान्य मर्यादेचे क्रेडिट कार्ड एकाच ओळीत आहेत, हे लक्षात घ्यावे. मोठ्या मर्यादेच्या क्रेडिट कार्डावर तर उशीर झाल्यास भार जास्तच पडतो. डेबिट कार्डाला आपल्याकडे संरक्षण नाही, ही समजूत त्यामुळे खरी नाही.

दिवस कसे मोजायचे, हेही परिपत्रकात आहे. संदेश मिळाला तो दिवस धरायचा नाही, आणि आपले खाते ज्या शाखेत आहे त्या शाखेचे कामकाजाचे दिवस धरायचे. मला शुक्रवारी, २ तारखेला संदेश आला. ३ तारखेला महिन्यातला पहिला शनिवार होता, त्या दिवशी बँका उघड्या असतात, म्हणून तो पहिला दिवस. रविवार सोडून सोमवार दुसरा आणि मंगळवार तिसरा. पण हा हिशोब हक्क सिद्ध करण्यापुरता आहे. कार्ड बंद करायला तीन दिवस हाताशी आहेत, असा त्याचा अर्थ कुणी घेऊ नये, कारण चोर शनिवार-रविवार पाळत नाही.

तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते, आणि तीही व्यवहार झाला त्याच तारखेपासून जमा असल्याचे धरून, म्हणजे बचत खात्याचे व्याज बुडू नये आणि क्रेडिट कार्डावर व्याज चढू नये. मला पैसे बरोबर दहाव्या दिवशी मिळाले. दुसरा शनिवार आणि दोन रविवार वगळले तर तो दिवस १५ तारीखच येतो. तक्रारीचा अंतिम निकाल ९० दिवसांत लागला पाहिजे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ग्राहकाची चूक होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. शाखेत गेल्यावर ‘तुम्हीच कुठेतरी माहिती दिली असणार’ असे सांगितले जाते आणि सरळमार्गी माणूस आपलेच काही चुकले असेल असे समजून मान खाली घालून परत येतो. त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. बँकेने तसे म्हटले, तर ते लेखी मागावे आणि पुरावा मागावा.

ज्या चुकीला दोन्ही कार्डांत माफी नाही

याच परिपत्रकात एक कठोर कलम आहे. ग्राहकाने स्वतः हलगर्जीपणा केला असेल, म्हणजे पिन, पासवर्ड किंवा ओटीपी दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेले संपूर्ण नुकसान त्याचेच. कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे. कार्ड डेबिट असो वा क्रेडिट, येथे भेद नाही. वीज तोडण्याची, केवायसी संपल्याची किंवा पार्सल अडकल्याची भीती घालून ओटीपी काढून घेतला जातो, तेव्हा कायद्याच्या नजरेत तो व्यवहार आपण स्वतः मंजूर केल्यासारखाच ठरण्याचा धोका असतो. म्हणून क्रेडिट कार्ड सुरक्षित असते असे ऐकून कुणी ओटीपीच्या बाबतीत सैल राहू नये. इतके मात्र खरे की येथेही कळवण्याची घाई कामाची आहे, कारण फसवणारा सहसा एका व्यवहारावर थांबत नाही आणि आपण फोन केल्यानंतरचे व्यवहार आपल्या माथी येत नाहीत.

माझ्या बाबतीत मात्र ओटीपी आलाच नव्हता, मग पैसे गेले कसे, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता आणि शेजारच्या शाखेत तो मी तीन वेळा विचारला. देशातल्या ऑनलाइन खरेदीत कार्डाच्या क्रमांकाखेरीज दुसरी खात्री करून घेणे रिझर्व्ह बँकेने २००९ सालापासून सक्तीचे केले. ओटीपीची सवय आपल्याला त्यातूनच लागली. परदेशी विक्रेत्यावर ही सक्ती नव्हती. त्यामुळे कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक हाती लागले की बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळावर त्यातून खरेदी होऊ शकत असे. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहारांची कळ सुरू होती. भाच्याच्या विद्यापीठाचे अर्ज शुल्क भरण्यासाठी दोन वर्षांपूर्वी ती मी सुरू केली होती आणि बंद करायची राहून गेली होती.

या कळा फार थोडे लोक वापरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ठरवले की नवे कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालेल असेच द्यायचे. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार आणि यंत्राला नुसते टेकवून पैसे देण्याची सोय ग्राहकाने मागितली तरच सुरू करायची. शिवाय प्रत्येक सोय दिवसरात्र केव्हाही चालू-बंद करण्याची आणि तिची मर्यादा ठरवण्याची व्यवस्था ग्राहकाला द्यायची. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा विभाग उघडून पाहावा. देशातले व्यवहार आणि परदेशातले व्यवहार असे दोन भाग दिसतात. त्या प्रत्येकाखाली एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि टॅप अशा ओळी असतात, ओळीच्या टोकाला कळ असते आणि तिच्याखाली रकमेची मर्यादा. डेबिट कार्डाचा परदेशी भाग पूर्ण बंद, ऑनलाइन बंद, टॅप बंद आणि एटीएमची मर्यादा दिवसाला १०,००० रुपये, एवढे केले की कार्डाच्या मागचे सगळे अंक चोराच्या हाती पडले तरी ऑनलाइन खरेदीत त्यांचा उपयोग होत नाही. टॅपचे मुद्दाम लिहितो, कारण १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार पिनशिवाय होऊ शकतात. हरवलेले कार्ड ज्याला सापडेल त्याला तेवढी वाट मोकळी असते.

कार्डाच्या आतल्या तंत्राबद्दल थोडक्यात. जुन्या कार्डावरच्या काळ्या पट्टीत माहिती कायमची कोरलेली असे, म्हणून एटीएमच्या तोंडाला लावलेल्या चोरट्या यंत्रातून ती उचलून दुसऱ्या कार्डावर उतरवता येई. चिप दर व्यवहाराला नवा संकेत तयार करते, त्यामुळे एकदा चोरलेला संकेत दुसऱ्यांदा चालत नाही. पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत होती. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन विक्रेत्याला आपला कार्ड क्रमांक स्वतःकडे साठवून ठेवता येत नाही. त्याच्याकडे राहतो तो क्रमांकाच्या जागी दिलेला एक टोकन, जो फक्त त्याच विक्रेत्याकडे चालतो आणि चोरीला गेला तरी दुसरीकडे निरुपयोगी ठरतो. या दोन्ही सोयी डेबिट आणि क्रेडिट कार्डांना सारख्याच आहेत.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला आठवणाऱ्यांना मात्र वेगळी भीती वाटते. ११ आणि १३ ऑगस्टला चोरांनी बनावट डेबिट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले, देशातून आणखी अडीच कोटी गेले आणि सुमारे १४ कोटी हाँगकाँगकडे वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या घरात होता. पण या प्रकरणात फसवली गेली होती ती बँकेची व्यवहार मंजूर करणारी यंत्रणा, आणि ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नसल्याचे बँकेने तेव्हाच जाहीर केले होते. बँकेच्या यंत्रणेतल्या अशा भगदाडाची किंमत बँकेनेच मोजायची असते. सर्वसाधारण खातेदाराला धोका असतो तो किरकोळ, रोजच्या, एकट्या-दुकट्या चोरीचा.

क्रेडिट कार्डाची स्वतःची जोखीम

चोरीपुरते पाहिले तर रोजच्या खरेदीला क्रेडिट कार्ड सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ते मत एका अटीवर उभे आहे: दर महिन्याचे पूर्ण बिल मुदतीत भरले गेले पाहिजे. ही अट पाळता येत नसेल, तर चोर येण्याआधीच व्याज घर पोखरते.

उदाहरण घेऊ. बिल २०,००० रुपयांचे आहे आणि हात अडचणीत असल्यामुळे केवळ किमान रक्कम भरायची असे ठरवले. कार्डांवरचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असणे ही नेहमीची गोष्ट आहे. थकलेल्या २०,००० वर महिन्याचे व्याज ७०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये, मिळून ८२६ रुपये. आपण १,००० रुपये भरले, तर मूळ रकमेतून फक्त १७४ रुपये कमी होतात. एवढेच नाही. आधीची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसांची सवलत सहसा मिळत नाही, म्हणजे उद्या घेतलेल्या किराण्यावरही उद्यापासूनच व्याज धावू लागते. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढली, तर शुल्क वेगळे आणि व्याज पहिल्या दिवसापासून. अडीनडीलाही हा मार्ग धरू नये.

डेबिट कार्डाचा मोठा गुण हाच आहे की ते आपल्याला खात्यात आहे त्यापेक्षा जास्त खर्च करू देत नाही. ज्यांना आपला हात सैल आहे हे ठाऊक आहे, त्यांनी चोरीच्या भीतीने क्रेडिट कार्ड घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे आहे. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना उत्पन्नाच्या अटीमुळे क्रेडिट कार्ड मिळत नाही अशा असंख्य लोकांसाठी, दुसरा चांगला मार्ग आहे.

खर्चाचे खाते वेगळे

घरात जसा रोजच्या खर्चाचा डबा वेगळा आणि कपाटातले पैसे वेगळे असतात, तसेच खात्यांचे करावे. पगार, पेन्शन, हप्ते आणि बचत एका खात्यात. त्या खात्याचे डेबिट कार्ड घरात कुलपात, सगळ्या ऑनलाइन कळा बंद. दुसरे छोटे खाते वेगळ्या बँकेत, त्यात महिन्याच्या खर्चापुरते आठ-दहा हजार रुपये भरायचे आणि बाजारात फक्त त्याचे कार्ड न्यायचे. किमान शिल्लक ठेवण्याचा त्रास नको असेल तर मूलभूत बचत खाते उघडता येते. मात्र ज्या बँकेत ते उघडाल त्या बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, म्हणूनच बँक वेगळी हवी. चोरी झालीच तर डबा रिकामा होईल, कपाट नाही, आणि हप्त्याच्या तारखेला झोप उडणार नाही.

यूपीआयलाही हेच लागू आहे. आज भाजीवाल्यापासून मेडिकलच्या दुकानापर्यंत बहुतेक पैसे क्यूआर कोडवरून जातात आणि त्यामागे अनेकांचे मुख्य पगाराचे खातेच जोडलेले असते. ते काढून खर्चाचे खाते जोडावे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावे.

एक धोका मात्र सुशिक्षित लोकांच्याही लक्षात येत नाही. बचत खात्यात ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे झाले की ते आपोआप मुदत ठेवीत जावेत आणि गरज पडली की ठेव मोडून परत यावेत, अशी ऑटो स्वीपची सोय अनेकांनी जास्त व्याजासाठी घेतलेली असते. सोय चांगलीच आहे, पण तिचा अर्थ असा की त्या खात्याच्या डेबिट कार्डाचा हात मुदत ठेवीपर्यंत पोहोचतो. खात्यात १५,००० दिसत असतील आणि चोराने ४०,००० ची खरेदी केली, तर शिल्लक नाही म्हणून व्यवहार अडेलच असे नाही. उरलेल्या रकमेसाठी ठेव मोडली जाऊ शकते. निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम अशा खात्यात ठेवून त्याच खात्याचे कार्ड खिशात घेऊन फिरणारे ज्येष्ठ नागरिक मी पाहिले आहेत. त्यांनी ही व्यवस्था आजच बदलावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. क्रेडिट कार्ड हवे असेल आणि पगाराचा दाखला नसेल, तर अनेक बँका मुदत ठेवीच्या तारणावर छोट्या मर्यादेचे कार्ड देतात. प्रवासात हॉटेलची अनामत किंवा भाड्याच्या गाडीची रक्कम अडकवून ठेवायला ते बरे पडते, कारण डेबिट कार्डावर अशी रक्कम खऱ्या शिलकीतून अडते आणि सुटायला कित्येक दिवस लागतात.

चोरी नसताना पैसे अडकण्याचाही एक प्रकार आहे आणि तो डेबिट कार्डवाल्यांना जास्त भोवतो. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम गेली, किंवा दुकानातल्या यंत्रावर व्यवहार फसला पण पैसे कापले गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही द्यायची, असे रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात आहे. ती भरपाई जमा झाली की नाही, हे पासबुकात स्वतः तपासावे.

कार्डाचा गैरवापर झाल्याचे दिसताच सर्वांत आधी अ‍ॅपमधून किंवा फोनवरून कार्ड बंद करावे, मग तक्रार क्रमांक घ्यावा आणि तो वेळेसह लिहून ठेवावा. त्यानंतर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करावी, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवला जात असताना वाटेत गोठवता आला तर तो पहिल्या काही तासांतच येतो. दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्यावा. फोनवरच्या तक्रारीची वेळ पुढे वादात सापडली तर हा कागद उपयोगी पडतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

माझा हप्ता परत गेल्याबद्दल बँकेने ५०० रुपये आणि त्यावरचा कर असे ५९० रुपये कापले होते. चोरीची रक्कम जमा झाल्यावर प्रकरण संपले असे शाखेतले अधिकारी म्हणाले. मी त्यांच्यापुढे परिपत्रकातले ते वाक्य ठेवले, की रक्कम व्यवहाराच्या तारखेपासून जमा धरायची आहे. मग तुमच्याच वहीप्रमाणे ५ तारखेला माझ्या खात्यात २७,००० रुपये होते आणि हप्ता जाण्यास पैसे पुरेसे होते, असे मी अर्जात लिहिले. तिसऱ्या अर्जानंतर ५९० रुपये परत आले. कर्ज देणाऱ्या संस्थेने लावलेला दंड मात्र तिने माफ केला नाही. ती वेगळी संस्था होती आणि कार्डाशी तिचा संबंध नव्हता. त्या महिन्यापासून घरकर्जाचा हप्ता ज्या खात्यातून जातो, त्या खात्याचे डेबिट कार्ड मी बाहेर काढलेले नाही.